जुन्या छायाचित्रातील बंदूक



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तक उभे राहते, सनावळी उभी राहते आणि तिच्यापाठोपाठ परीक्षेची धास्तीही येते. पण इतिहास काही केवळ पुस्तकात नसतो. तो जुन्या सनदांत असतो, नाण्यांवर असतो, मशिदीच्या कमानीवरील शिलालेखात असतो आणि गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांपासून तो छायाचित्रांतही साठत आला आहे. सनद कशी वाचावी हे सांगणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ झाले. छायाचित्र कसे वाचावे हे मात्र शाळेत सहसा कुणी शिकवत नाही. छायाचित्र पाहिले, खाली छापलेली ओळ वाचली आणि पान उलटले, एवढ्यावरच आपण थांबतो.

प्रस्तुत लेखात एका छायाचित्रातील एका चमत्कारिक दिसणाऱ्या बंदुकीची ओळख पटवून घ्यायची आहे. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत बंदुकीचे काय काम, असा प्रश्न एखाद्या पालकांच्या मनात येईल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती. बंदूक हे येथे निमित्त आहे. पाहावे कसे, विचारावे काय आणि कशावर किती विश्वास ठेवावा, हा खरा धडा आहे.

छायाचित्र कोणते?

इ. स. १८७८ मध्ये इंग्रज आणि अफगाण यांच्यातील दुसरे युद्ध सुरू झाले. त्या वेळी जॉन बर्क नावाचा एक आयरिश छायाचित्रकार इंग्रजी फौजेबरोबर खैबर खिंडीच्या मार्गाने निघाला. पंजाब आणि सरहद्दीकडील भागात त्याचा छायाचित्रणाचा धंदा होता. त्याने या युद्धाच्या काळात डोंगर, किल्ले, छावण्या, तोफा, सरदार आणि सामान्य माणसे यांची शेकडो छायाचित्रे घेतली. त्यांतील पुष्कळ आजही लंडनच्या ग्रंथालयांत व संग्रहालयांत जतन केलेली आहेत आणि घरबसल्या पाहताही येतात.

या छायाचित्रांत खैबरच्या परिसरातील अफ्रिदी टोळीच्या लोकांचा १८७८ सालचा एक समूह आहे. पागोटी बांधलेली, अंगावर घोंगड्यासारखी वस्त्रे घेतलेली माणसे आणि त्यांच्याजवळ लांबच लांब बंदुका. या बंदुका आपण चित्रपटात किंवा पोलीस चौकीत पाहतो तशा नाहीत. नळी जवळजवळ माणसाच्या खांद्यापर्यंत पोहोचेल अशी. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मात्र बारीक, आणि कोयत्याच्या पात्याप्रमाणे खाली वाकून पुन्हा वर वळलेला. प्रथम पाहणाऱ्याला वाटावे की लाकूड वाळताना वाकले असेल!

ही बंदूक कोणती? कुठली? किती जुनी? हे ठरवायचे कसे?

पहिला प्रश्न : चित्र सुलट आहे का?

मित्रांनो, बंदूक ओळखण्याआधी छायाचित्र ओळखावे लागते. हा नियम किती महत्त्वाचा आहे हे समजण्यासाठी क्षणभर अमेरिकेत जाऊन येऊ.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतात 'बिली द किड' या नावाने ओळखला जाणारा एक तरुण बंडखोर होऊन गेला. १८८१ मध्ये तो मारला गेला. त्याचे एक छायाचित्र १८७९-८० च्या सुमारास फोर्ट समनर या गावी घेतलेले आहे. त्यात त्याच्या कमरेचे पिस्तूल डाव्या बाजूला दिसते. त्यावरून तो डावखुरा होता, असे लोकांनी ठरवून टाकले. पुस्तकांतून तसे लिहिले गेले. १९५८ मध्ये तर त्याच्यावरील एका चित्रपटाचे नावच 'डावखुरी बंदूक' अशा अर्थाचे ठेवण्यात आले.

पुढे जाणकारांनी चित्रातील दुसऱ्या शस्त्राकडे, म्हणजे त्याच्याजवळच्या विंचेस्टर बंदुकीकडे बारकाईने पाहिले. ती १८७३ च्या नमुन्याची होती. या नमुन्यात काडतुसे भरण्याचे झाकण कारखान्यातूनच नेहमी उजव्या अंगाला बसवलेले असे. छायाचित्रात मात्र ते डाव्या अंगाला दिसत होते. उलगडा सोपा होता. ते छायाचित्र लोखंडाच्या पातळ पत्र्यावर घेतलेले होते आणि त्या पद्धतीत आरशातल्याप्रमाणे डावे-उजवे उलटे उमटते. चित्र सुलट करताच पिस्तूल उजव्या बाजूला आले. अनेक दशके चालत आलेली डावखुरेपणाची कथा एका लहानशा झाकणाने मोडून काढली! हेच छायाचित्र २०११ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

बर्कच्या छायाचित्रांत ही अडचण नाही. तो काचेवर चित्र घेत असे आणि मग काचेवरून कागदावर छाप काढीत असे. दोनदा उलटल्यामुळे शेवटचे चित्र सुलट येते. परंतु त्याच्या पद्धतीची दुसरी एक मर्यादा होती. काचेवर रसायनाचा ओला थर द्यावा लागे आणि तो वाळण्यापूर्वी चित्र घेऊन ते धुवावेही लागे. त्यासाठी अंधारा तंबू सोबत न्यावा लागे. चित्र उमटण्यास काही सेकंद लागत, तोवर समोरच्यांनी स्तब्ध राहायचे. त्यामुळे प्रत्यक्ष लढाईचे चित्र घेणे अशक्य होते. आपण जे पाहतो आहोत ते बसवून, सांगून, 'हलू नका' असे बजावून घेतलेले चित्र आहे, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

बंदुकीची नाडी

वैद्य जशी नाडी पाहतो तशी जाणकार बंदुकीची कळ पाहतो. कळ म्हणजे चाप ओढल्यावर दारूला ठिणगी देणारी यंत्रणा. तिच्या तीन पिढ्या आपण समजून घेऊ.

पहिली तोड्याची बंदूक. जळती वात, म्हणजे तोडा, एका लोखंडी चिमट्यात धरलेला असे. चाप ओढला की तो खाली येऊन रंजकाला पेटवी. शिवकालातील आणि मोगल काळातील बंदुका बहुतांशी याच जातीच्या. चित्रात ओळखण्याची खूण म्हणजे सापासारखा वळलेला बारीक चिमटा आणि कित्येकदा दस्त्याला गुंडाळलेली वात.

दुसरी चकमकीची बंदूक. येथे घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा पकडलेला असतो. तो समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर घासतो, ठिणग्या पडतात आणि दारू पेटते. चित्रात घोड्याच्या जबड्यावरचा स्क्रू आणि समोरची उभी पट्टी दिसली की खूण पटली.

तिसरी टोपीची बंदूक. नळीच्या मागील टोकाला एक बोंडी, तिच्यावर स्फोटक लावलेली तांब्याची बारीक टोपी, आणि हातोड्यासारखा घोडा. पाऊस-वाऱ्यातही ती दगा देत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपी फौजांत हिने चकमकीला हटवले होते.

या तिन्ही बंदुका पुढून, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरण्याच्या. त्यानंतर मागून काडतूस घालण्याच्या बंदुका आल्या. १८७८-८० च्या युद्धात इंग्रजी फौजेजवळ अशा दोन होत्या. एक स्नायडर : हिच्या नळीच्या मागच्या टोकाला बाजूला उघडणारे झाकण असते आणि बाहेर मोठा घोडा दिसतो. दुसरी मार्टिनी-हेन्री : हिला बाहेर घोडा दिसतच नाही. चापाच्या मागे एक लोखंडी दांडी असते, ती खाली ओढली की काडतुसाची जागा उघडते. एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या तरी त्या काळातील छायाचित्रांतील निम्म्या बंदुका विद्यार्थ्याला ओळखता येतील.

दस्ता, नळी आणि साज

कळ काळ सांगते, तर दस्त्याचा आकार मुलूख सांगतो. हिंदुस्थानातील जुन्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ आणि सडपातळ असतो. तुर्की बंदुकीचा दस्ता जाड आणि पैलूदार असतो. इंग्रजी बंदुकीचा दस्ता रुंद, खांद्यावर नीट बसणारा. आणि अफगाणिस्तान, सरहद्द व सिंध या पट्ट्यातील बंदुकीचा दस्ता असा खोल वाकलेला! जगात दुसरीकडे हा आकार क्वचितच दिसतो.

नळी पाहा. मोजपट्टी नसली तरी माणूस हीच मोजपट्टी. बंदूक धरून उभ्या असलेल्या माणसाशी तुलना केली तर नळीच चार फुटांच्या आसपास भरते आणि संपूर्ण बंदूक पाच फुटांच्या वर जाते. इंग्रजी शिपायाच्या जुन्या बंदुकीची नळी ३९ इंचांची होती. नळी लाकडाला कशी बांधली आहे तेही पाहावे. जुन्या इंग्रजी बंदुकीत ती आतून खिळ्यांनी अडकवलेली असते, १८५३ च्या एनफील्डला लोखंडाच्या तीन पट्ट्या असतात, आणि आपल्या चित्रातील जातीच्या बंदुकीला पितळेच्या किंवा इतर धातूंच्या अनेक पट्ट्या एकापुढे एक आवळलेल्या असतात. शेवटी साज पाहावा. या जातीच्या अनेक बंदुकांना पुढे दोन पायांची घोडी जोडलेली असे. शिकारी किंवा लढवय्या खडकाआड बसे, घोडी जमिनीवर टेकवी आणि स्थिर नेम धरी.

लांब नळी, वाकडा दस्ता, अनेक पट्ट्या, टेकवण्याची घोडी. चार खुणा जुळल्या. या बंदुकीचे नाव जेझाइल. जुन्या मराठी कागदपत्रांत 'जेजाला' हा शब्द लांब आणि जड बंदुकांसाठी येतो, तो या नावाच्या फार जवळचा आहे.

येथे एक सावधगिरी. पुष्कळ लोक प्रत्येक लांब बंदुकीला 'रायफल' म्हणतात. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत पेचदार खोबणी कोरलेली असते ती. त्या खोबणीमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि दूरवर सरळ जाते. कित्येक जेझाइल अशा पेचदार नळीच्या होत्या, कित्येक साध्या नळीच्या. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात नळीच्या आतले दिसत नाही. म्हणून छायाचित्रावरून 'जेझाइल' म्हणावे, 'रायफल' म्हणण्यासाठी ती हातात घेऊन नळीत डोकवावे लागते. पुरावा जिथवर नेतो तिथवरच जावे आणि मग थांबावे. हे थांबणे शिकवणारा शिक्षक ज्याला मिळाला तो विद्यार्थी भाग्यवान.

परक्याची कळ, घरचे कसब

आता सर्वांत मनोरंजक भाग. संग्रहालयांत ठेवलेल्या जेझाइल बंदुका जाणकारांनी उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांपैकी अनेकांच्या कळीच्या पत्र्यावर ईस्ट इंडिया कंपनीची मोहोर सापडली. कंपनीची जुनी मोहोर चार भागांत विभागलेल्या बदामाच्या आकाराची होती आणि १८०८ च्या सुमारास तिच्या जागी उभ्या सिंहाची मोहोर आली. म्हणजे दस्ता अफगाणी, नळी देशी आणि कळ चक्क विलायती!

हे कसे घडले? बंदुकीतील सर्वांत अवघड काम कळीचे. तिच्यातील कमानी नेमक्या पाण्याच्या पोलादाच्या लागतात. पाणी कमी पडले तर कमान वाकते, जास्त झाले तर तुटते. डोंगरातील लोहार लांब नळी उत्तम घडवी, सुतार दस्ता कोरी. कळ मात्र लढाईत हाती लागलेल्या, बाजारात विकत घेतलेल्या किंवा मोडीत निघालेल्या इंग्रजी बंदुकीची काढून बसवली जाई. शत्रूच्या शस्त्रातील जे उत्तम ते घ्यावे आणि आपल्या गरजेच्या शस्त्रात बसवावे, असा हा व्यवहार होता.

सरहद्दीवरील कारागीर पुढे संपूर्ण इंग्रजी बंदुकांची हुबेहूब नक्कल करू लागले. दर्रा आदम खेल हे गाव तर याच धंद्यासाठी प्रसिद्ध झाले. या नकला ओळखण्याची खूणही ऐकण्यासारखी आहे. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली. तरीही काही बंदुकांवर तिच्या नावाची मोहोर असते आणि शेजारी नंतरचे साल कोरलेले असते! कधी इंग्रजी अक्षर उलटे असते, कधी शब्दाचे स्पेलिंगच चुकलेले. हात कमालीचा कुशल, पण जे कोरतो आहोत ते वाचता येत नाही. पालकहो, या एका गोष्टीवर मी अधिक भाष्य करीत नाही. कसब आणि अक्षर यांची ताटातूट झाली की काय होते, हे त्या लोखंडावरच लिहिलेले आहे.

ही बंदूक कुणाला लागली?

बंदूक ओळखली म्हणजे काम संपले असे नाही. शस्त्र हे शोभेची वस्तू नव्हे. त्याच्या दुसऱ्या टोकालाही माणूस असतो.

पहिल्या अफगाण युद्धात, जानेवारी १८४२ मध्ये, काबूलमधून इंग्रजी फौज माघारी निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्यासोबत सुमारे बारा हजार नोकरचाकर, बायकामुले. सैनिकांतील बहुसंख्य हिंदुस्थानी होते. बर्फ पडत होते. खिंडीच्या दोन्ही अंगांच्या कड्यांवर जेझाइल घेतलेले लोक बसले होते. शिपायांच्या साध्या नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नव्हता. जेझाइलची गोळी त्याच्या दुपटीहून दूर अंतरावर माणसाला टिपत असे. ती भरायला वेळ लागे, परंतु कड्यावर बसलेल्याला घाई नव्हती. थंडी, उपासमार आणि गोळ्या यांनी ती फौज आठवड्याभरात संपली. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादला पोहोचला. काही लोक कैद झाले, काही हिंदुस्थानी शिपाई पुढे भटकत परत आले, बाकीचे खिंडीत राहिले.

मुंबईकर वाचकांनी कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिले असेल. त्या युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले आणि १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. तेथे भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साधे शिपाई इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही, असा मजकूरही तेथेच आहे. ज्या शहरातून फौजा रवाना झाल्या, त्याच शहरात ही कबुली दगडावर आहे.

दंतकथा आणि हिशेब

दुसऱ्या युद्धातील एक लढाई आपल्या मुलखाशी अधिक जवळून जोडलेली आहे. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे अयूब खानाच्या फौजेने इंग्रजी तुकडीचा दारुण पराभव केला. त्या तुकडीत इंग्रजी ६६ वी पलटण होती आणि तिच्याबरोबर मुंबई इलाख्याच्या फौजेतील पहिली ग्रेनेडियर्स, तिसावी जेकब्ज रायफल्स आणि तिसरी मुंबई लाइट कॅव्हलरी होती. सुमारे अडीच हजारांपैकी साडेनऊशेहून अधिक सैनिक त्या एका दिवसात ठार झाले.

या लढाईने जेझाइलला जगभर प्रसिद्धी दिली, तीही एका कादंबरीमुळे. आर्थर कॉनन डॉयल या लेखकाने १८८७ मध्ये शेरलॉक होम्सची पहिली कथा प्रसिद्ध केली. तिच्यात होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला मैवंदच्या लढाईत खांद्यावर जेझाइलची गोळी लागल्याचे सांगितले आहे. पुढच्या कथेत, १८९० मध्ये, तीच जखम पायाला गेली! वाचक आजही त्यावरून लेखकाची थट्टा करतात. परंतु वाचकांच्या मनात ठसले ते एवढेच की मैवंद म्हणजे जेझाइल.

वस्तुस्थिती काय? अयूब खानाजवळ सुमारे तीस तोफा होत्या. त्यांत पेचदार नळीच्या सहा आर्मस्ट्राँग तोफा होत्या. इंग्रजी बाजूला सर्व मिळून बारा तोफा. शिवाय अयूब खानाच्या पायदळातील नियमित पलटणींजवळ एनफील्ड आणि स्नायडर जातीच्या बंदुका होत्या. म्हणजे जेझाइल रणांगणावर होती खरी, पण लढाईचा निकाल तोफखान्याने, मोठ्या संख्येने आणि जाणत्या सेनापतीने लावला. 'रानटी टोळ्या जुनाट बंदुका घेऊन आल्या' ही गोष्ट इंग्रजांना सांगायला बरी वाटली असेल आणि 'साध्या जेझाइलने साम्राज्य हरवले' ही गोष्ट दुसऱ्या कुणाला ऐकायला गोड वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजूला ठेवून हिशेब पाहावा.

आता हिंदुस्थानी शिपायाच्या हातातील बंदूक पाहा. मैवंदला इंग्रजी पलटणीजवळ नवी मार्टिनी-हेन्री होती. मुंबईच्या पलटणींजवळ मात्र जुनी स्नायडर. हा योगायोग नव्हता. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानी शिपायाला इंग्रजी सोजिरापेक्षा एक पायरी खालचे शस्त्र द्यायचे, हे सरकारचे धोरणच होते. बर्कच्या काळातील छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवली तर टोळीवाल्याची जेझाइल, हिंदुस्थानी शिपायाची स्नायडर आणि गोऱ्या सोजिराची मार्टिनी, अशा तीन पिढ्या एकाच युद्धात दिसतात. कोणाचा कोणावर किती विश्वास होता, हे सरकारी जाहीरनाम्यात शोधायला नको. ते बंदुकीच्या कळीत दिसते.

खालची ओळ

छायाचित्राखालच्या ओळीकडे आता परत वळू. मे १८७९ मध्ये गंडमक येथे तह झाला. तेव्हाचे बर्कचे एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. मध्यभागी अमीर याकूब खान, शेजारी इंग्रज अधिकारी कॅव्हानरी आणि जेन्किन्स, आणि अफगाण सेनापती दाऊद शाह व हबीबुल्ला मुस्तौफी. पाचही जणांची नावे खाली दिलेली आहेत. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला कॅव्हानरी काबूलमध्ये मारला गेला. ही सारी माहिती आपल्याला मिळते, कारण नावे लिहिलेली आहेत.

अफ्रिदींच्या समूहाखाली मात्र टोळीचे नाव आहे. माणसांचे नाही. कोण बाप, कोण मुलगा, कोणत्या वाडीचे, पुढे काय झाले, काही नाही. मोठ्यांची नावे राहिली आणि लहानांची गेली. गोऱ्या शिपायांच्या समूहचित्रांतही बहुधा असेच झाले आहे. त्या अनाम माणसांविषयी आपण जे काही सांगू शकतो ते त्यांच्या हातातील वस्तूंवरून. त्यांची बंदूक सांगते की त्यांच्या मुलखात नळी घडवणारा लोहार होता, दस्ता कोरणारा सुतार होता, पट्ट्या ठोकणारा कारागीर होता आणि दूरच्या कारखान्यातून आलेली कळ कुठे बसवावी याची अक्कल होती. ज्यांना खालच्या ओळीने केवळ 'टोळी' म्हटले, त्यांना बंदुकीने माणसे म्हणून आपल्यापुढे उभे केले.

आणखी एक लक्षात ठेवावे. त्या काळी छायाचित्रकार आपल्याजवळ तलवारी, ढाली, खंजीर ठेवीत आणि शोभेसाठी समोरच्याच्या हाती देत. म्हणून शस्त्र हातात आहे एवढ्यावरून ते त्याचेच होते असे मानू नये. त्याच्या खांद्यावर दारूचे शिंग आहे का, कमरेला गोळ्यांची थैली आहे का, हेही पाहावे. साज जुळला तर साक्ष पक्की होते.

आपल्या घरी काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, ही विद्या शिकायला लंडनला जायची गरज नाही. आपल्या घरच्या पेटीत एखादे जुने छायाचित्र असेलच. बोटीवर खलाशी म्हणून गेलेले पणजोबा, पलटणीतले चुलत आजोबा, हजला निघताना काढलेला फोटो, शाळेचा पहिला वर्ग. ते काढा आणि खालीलप्रमाणे करा.

चित्र कशावर छापलेले आहे ते पाहा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आहे का ते पाहा. शर्टाची बटणे कोणत्या बाजूला आहेत, पाटीवरील अक्षरे सुलट आहेत का, यावरून चित्र उलटे छापले गेले नाही ना, याची खात्री करा. मग चेहरे सोडून वस्तू पाहा : घड्याळ, टोपीचा आकार, गणवेशावरील बिल्ला, कंदील, सायकल. प्रत्येक वस्तूचे एक साल असते. चित्रातील सर्वांत नवी वस्तू ज्या सालची, त्याच्या आधीचे ते चित्र असूच शकत नाही. हा एकच नियम पाठ केला तरी निम्मे काम झाले.

त्यानंतर घरातील बुजुर्गांजवळ बसा. त्यांनी सांगितलेले लिहून घ्या. ते जे सांगतील ते एका रकान्यात आणि तुम्ही स्वतः चित्रात जे पाहिले ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाही तर वाद घालू नका, शोध घेत राहा. तहकीक हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी तिची शहानिशा करावी, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला नेहमीच सांगितले आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे आहेत आणि त्यांपैकी क्वचितच एखाद्याखाली नाव आहे. शंभर वर्षांनी आपली पणतवंडे ती पाहतील तेव्हा त्यांना काय दिसेल? जुने कागदी छायाचित्र असेल तर पाठीमागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने नावे लिहा : कोण, कोणाचे कोण, कोणते गाव, कोणते साल. शाईच्या पेनाने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उतरते. मोबाईलमधील महत्त्वाची चित्रे निवडून छापून घ्या आणि त्यांच्याही मागे लिहा. घरातील मुलाला किंवा मुलीला हे काम सुटीत द्या. अक्षर वळणदार होईल, नाती समजतील आणि इतिहासाची भीती जाईल.

खैबरच्या खडकावर बसलेल्या त्या माणसांना कुणी नाव विचारले नाही. आपल्या माणसांची नावे लिहून ठेवायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पेन्सिल घ्या आणि आजच बसा.